काळ्या पाषाणावरील खळगे : विदर्भातील शिलाकोरीव चिन्हे आणि स्थानसंदर्भाचा प्रश्न

प्रस्तावना

जळगाव जामोद तालुक्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग उभी आहे. या रांगेच्या उतारांवर आणि पायथ्याच्या नाल्यांमध्ये काळ्या पाषाणाचे लहानमोठे गोल दगड सर्वत्र विखुरलेले दिसतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी डोंगराकडे गेलेला एखादा विद्यार्थी अशा दगडावरील वाटीसारखा गोल खळगा दाखवितो आणि तो कोणी कोरला असेल असे विचारतो. इतिहासाचा प्राध्यापक त्यात आदिमानवाची खूण पाहण्यास उत्सुक असतो, भूगोलाचा प्राध्यापक ऊनपावसाची करणी म्हणून तो विषय संपवितो, आणि गावकरी देवाचे किंवा पांडवांचे नाव सांगून मोकळे होतात. ही तिन्ही उत्तरे दगडाकडे नीट पाहण्यापूर्वीच तयार असतात.

खडकावर घाव घालून केलेला असा खळगा पुरातत्त्वाच्या परिभाषेत 'कपमार्क' किंवा 'कप्यूल' या नावाने ओळखला जातो. जगातील शिलाकोरीव चिन्हांपैकी हे सर्वांत साधे आणि सर्वांत विस्तृत प्रदेशात आढळणारे चिन्ह होय. ते करण्यास रेखाटनाचे कौशल्य लागत नाही. कठीण दगड आणि चिकाटी असली की पुरे. नेमक्या याच साधेपणामुळे त्याचे वाचन अवघड होते. हरिणाची आकृती पाहून शिकारी समाजाचा, घोडेस्वाराची आकृती पाहून उत्तरकालाचा अंदाज बांधता येतो. खळग्याला मात्र शैली नाही. तो एक लाख वर्षांपूर्वीचा असो की शंभर वर्षांपूर्वीचा, आकाराने सारखाच दिसतो. त्याचा काळ आणि अर्थ ठरविण्याचे मुख्य साधन म्हणजे तो ज्या दगडावर आहे त्या दगडाचे स्थान. दगड हलला की हे साधन नाहीसे होते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा विदर्भातील जुनापाणी येथील शिलावर्तुळांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कापूस आयुक्त आणि जुनापाणीचे दगड

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या मार्गावर, शहरापासून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर जुनापाणीचा परिसर आहे. येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे असल्याची नोंद आढळते. काळ्या पाषाणाचे मोठे दगड गोलाकार मांडून, आतील भाग माती व दगडगोट्यांनी भरून ही वर्तुळे रचलेली आहेत. ती मृतांची स्मारके होत. या स्थळाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय बव्हंशी जे. एच. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यास जाते. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना या गृहस्थाचा आणखी एक परिचय रोचक वाटेल. तो मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा कापूस आयुक्त होता. खामगावच्या ज्या कापूस बाजारासाठी १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते रेल्वेची शाखा सुरू झाली, तो बाजार त्याच्या कारभाराच्या कक्षेतील होता. कापसाच्या गाठी मोजणाऱ्या अधिकाऱ्याला दगडांचे हे वेड कसे जडले हा वेगळा विषय आहे. मात्र बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८७९ मध्ये त्याने मध्य भारतातील प्रागैतिहासिक अवशेषांवर जो लेख लिहिला, त्यात जुनापाणीच्या दगडांवरील खळग्यांची त्याने आवर्जून दखल घेतली.

त्यापूर्वी १८७७ मध्ये त्याने कुमाऊँमधील द्वाराहाटजवळच्या चंडेश्वर येथील खडकावरच्या खळग्यांवर लिहिले होते. ब्रिटनमधील खळगे आणि त्यांभोवतीची वर्तुळे यांवर सर जेम्स यंग सिम्प्सन यांचा ग्रंथ १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. (शस्त्रक्रियेत आणि प्रसूतीत क्लोरोफॉर्मचा वापर रूढ करणारे एडिंबरोचे प्रसिद्ध डॉक्टर ते हेच.) स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील डोंगरउतारांवरील खडकांवर जे दिसते, तसेच कुमाऊँत आणि नागपूरजवळही दिसते, हे साम्य पाहून रिव्हेट-कार्नाक प्रभावित झाला. त्याने या साम्यामागे लोकसमूहांचे नाते शोधले. पुढे १९०३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे खळगे म्हणजे लेखनाचे प्राचीन रूप असावे असेही प्रतिपादन केले.

आज हे अनुमान स्वीकारले जात नाही, आणि ते योग्यच आहे. दगडाने दगड ठेचला की जगात कोठेही वाटीसारखाच खळगा होतो. त्यासाठी स्कॉटलंडहून नागपूरला कोणी यावे लागत नाही. परंतु अनुमान चुकले तरी निरीक्षण टिकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. रिव्हेट-कार्नाकने खळग्यांचे लहान-मोठे आकार आणि त्यांची मांडणी टिपून ठेवली, म्हणून त्याचा लेख आजही उपयोगी पडतो.

वर्तुळांचा काळ आणि खळग्यांची जागा

स्वातंत्र्योत्तर काळात या वर्तुळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे उत्खनन केले. त्यानंतर डॉ. शां. भा. देव यांच्या पुढाकाराने टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथे उत्खनने झाली. या सर्व स्थळांतून एक सुसंगत चित्र पुढे आले. काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर, तांब्याचे अलंकार आणि घोड्याचे अवशेष ही विदर्भातील शिलावर्तुळांची वैशिष्ट्ये होत. माहुरझरी येथे घोड्याचे तांब्याचे अलंकार मिळाले, तर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. इसवी सन पूर्व पहिले सहस्रक हा या संस्कृतीचा स्थूल कालखंड होय. लिखित साधने नसलेला, परंतु लोखंड वापरणारा आणि घोडा पाळणारा हा समाज होता. त्यामुळे 'आदिमानव' हा शब्द येथे लागू पडत नाही, ही गोष्ट वर्गात शिकवितानाही लक्षात ठेवावयास हवी.

आता खळग्यांकडे वळू. जुनापाणीच्या वर्तुळांत सर्वच दगडांवर खळगे नाहीत. काही वर्तुळांत एकही नाही. ज्यांत आहेत त्यांतही मोजक्याच दगडांवर आहेत. काही ठिकाणी खळगे सरळ रेषेत येतात, तर काही ठिकाणी त्यांची मांडणी फुलीसारखी दिसते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी रिझा अब्बास प्रभृतींनी या दगडांच्या दिशा मोजल्या. वर्तुळाच्या मध्यापासून पाहिले असता खळगे असलेले दगड काही ठराविक दिशांनाच येतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आणि त्याचा आकाशातील घटनांशी संबंध असावा काय, असा प्रश्न उपस्थित केला.

खगोलाशी संबंध जोडणाऱ्या सिद्धांतांकडे सावधपणे पाहणे इष्ट असते. आकाशात तारे पुष्कळ आहेत आणि कोणत्याही दिशेला काही ना काही उगवतच असते. तथापि या संशोधनाचे खरे मोल वेगळे आहे. खळग्याचा विचार करताना त्याचा आकार पुरेसा नसून त्या दगडाची वर्तुळातील जागा मोजली पाहिजे, हे त्यातून दिसून येते. दिशा ठराविक असेल तर खळगे वर्तुळाच्या रचनेशी जाणीवपूर्वक जोडलेले आहेत, आणि म्हणून ते इसवी सन पूर्व पहिल्या सहस्रकातील आहेत, असे म्हणण्यास आधार मिळतो. दिशा विस्कळीत असतील तर ते आधीपासून खळगे असलेले दगड उचलून आणल्याचे, किंवा नंतर कोणी कोरल्याचे लक्षण ठरू शकते. खळगे असलेली बाजू जमिनीत पुरलेली असेल तर ते दगड रोवण्यापूर्वीचे, हे उघड आहे. हे सारे तर्क दगड मूळ जागी असेपर्यंतच करता येतात. तोच दगड जेसीबीने उचलून शेताच्या बांधावर टाकला की त्यावरील खळगे जसेच्या तसे राहतात, आणि तरीही त्यांच्याविषयी बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मध्य प्रदेशात आहे. मंदसौर जिल्ह्यातील भानपुराजवळच्या दरकी-चट्टान या गुहेच्या दोन्ही भिंतींवर पाचशेहून अधिक खळगे आहेत. हा खडक क्वार्टझाइट म्हणजे अत्यंत कठीण जातीचा आहे. गिरिराज कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून येथे उत्खनन केले. भिंतीवरून गळून पडलेले खळगेयुक्त खडकाचे तुकडे अश्मयुगीन हत्यारांच्या थरात मिळाले, आणि त्यावरून हे खळगे पुराश्मयुगाइतके जुने असल्याचा दावा केला गेला. भीमबेटका येथील सभागृह गुहेतील खळग्यांविषयीही असाच दावा आहे. या कालनिर्णयावर सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु येथेही वाद चालतो तो खळग्याच्या रूपावरून नव्हे, तर कोणता तुकडा कोणत्या थरात मिळाला यावरून. जुनापाणी आणि दरकी-चट्टान येथील खळगे शेजारी ठेवले तर सामान्य पाहणाऱ्याला फरक सांगता येणार नाही. काळाचे अंतर मात्र हजारो पिढ्यांचे असू शकते.

निसर्गाचा खळगा आणि माणसाचा खळगा

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील अभ्यासकासमोर आणखी एक अडचण आहे, आणि ती खडकाच्या जातीतून उद्भवते. चित्रे आणि कोरीव आकृती यांसाठी प्रसिद्ध असलेली मध्य भारतातील बहुतेक स्थळे वालुकाश्मात किंवा क्वार्टझाइटमध्ये आहेत. अमरावती जिल्ह्यातील मोर्शीच्या उत्तरेस, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत, धारूळ गावाजवळ अंबादेवी परिसरातील चित्रित गुहा डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उजेडात आणल्या; त्याही वालुकाश्मातच आहेत. वालुकाश्मात पुढे झुकलेली छपरे तयार होतात, त्यांखाली पाऊस पोहोचत नाही, आणि चित्र टिकते. जळगाव जामोदच्या माथ्यावरील डोंगर मात्र लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे आहेत. बेसॉल्टची झीज कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे होते. दगडाचा बाहेरचा थर सुटून पडतो आणि त्याबरोबर त्यावरील खूणही जाते. जुनापाणीच्या दगडांवर खळगे टिकले ते दगड घट्ट, एकजिनसी जातीचे आहेत म्हणून.

शिवाय बेसॉल्ट स्वतःच खळगे निर्माण करतो. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. कालांतराने या पोकळ्यांत गारगोटीसारखी पांढरी खनिजे भरतात आणि दगड उघडा पडल्यावर ती गळून जातात. मग दगडावर बोटभर ते मूठभर आकाराचे गोल खड्डे दिसू लागतात. फसगत होते ती प्रामुख्याने येथेच. दोहोंत भेद करण्यासाठी काही गोष्टी पाहाव्या लागतात. बुडबुड्याचा खड्डा बहुधा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असतो, किंवा एका अंगाला लांबट असतो. त्याच्या तळाशी अनेकदा पांढऱ्या खनिजाचा अंश सापडतो. दगडाच्या फुटलेल्या बाजूकडे पाहिले तर तसेच खड्डे आतही दिसतात. माणसाने केलेला खळगा तोंडाशी रुंद, तळाशी निमुळता आणि आतून घोटल्यासारखा असतो. तिरप्या प्रकाशात पाहिले तर घावांच्या बारीक ठिपक्यांसारख्या खुणा दिसू शकतात. तो सहसा एकटा नसतो. दोन खळग्यांत राखलेले सारखे अंतर, ओळ, फुली किंवा वर्तुळ अशी मांडणी दिसली तर संशय बळावतो, कारण बुडबुडे ओळीने उभे राहत नाहीत.

माणसाने केलेला खळगा ठरला तरी तो प्राचीन असेलच असे नाही. मोहाच्या बिया, चारोळी किंवा धान्य फोडण्यासाठी वापरलेल्या दगडावर उथळ खळगा पडतो. तो नेहमी वरच्या सपाट बाजूस असतो. उभ्या बाजूवरील खळग्यात मात्र धान्य राहू शकत नाही, म्हणून अशा खळग्याचे महत्त्व अधिक. देवळाच्या ओट्यावर किंवा गुराखी बसतात त्या खडकावर दोन समांतर ओळींत खळगे दिसले, तर तो खेळाचा पट असण्याचीच शक्यता जास्त. पाथरवटांनी पाचर ठोकण्यासाठी केलेली भोके चौकोनी असतात, तर सुरुंगाची भोके नळीसारखी सरळ आणि खोल. विळे-कुऱ्हाडी पाजळल्यामुळे पडलेल्या खाचा लांबट असतात. रंगाकडेही लक्ष द्यावे लागते. जुन्या खळग्याच्या आतील भागावर बाहेरच्या पृष्ठभागासारखीच काळपट किंवा तांबूस छटा चढलेली असते. नवा घाव राखाडी आणि ताजा दिसतो.

पायथ्याचे गोटे

सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतून जो दगडगोट्यांचा पट्टा जातो त्याला भूशास्त्रात 'बझाडा' असे म्हणतात. डोंगरातून वेगाने उतरणाऱ्या नाल्यांनी आणून टाकलेल्या दगड, वाळू आणि मातीचा हा साठा आहे. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाची जमीन सुरू होईपर्यंत तो पसरलेला आहे. भूजलाच्या दृष्टीने या पट्ट्याचा अभ्यास झाला आहे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. या पट्ट्यातील गोटे पाण्याबरोबर वाहत आलेले आहेत. त्यांपैकी एखाद्यावर निःसंशय माणसाने केलेला खळगा मिळाला, तरी तो वरच्या कोणत्या उतारावर कोरला गेला हे सांगता येत नाही. दगड येथे पोहोचल्यानंतर तो कोरला असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळी खळग्यांच्या कडा घासलेल्या आहेत की शाबूत, हे पाहणे निर्णायक ठरते. लोळत आलेल्या दगडावरील खळग्याची कड बोथट असते.

याउलट भिंगारा, गोमाळ यांसारख्या डोंगरातील वस्त्यांच्या बाजूला उतारांवर जे मोठे दगड उभे आहेत, त्यांपैकी पुष्कळ मूळ खडकाचीच जागच्या जागी उरलेली गाभ्याची शिळा असते. तिचा खालचा भाग जमिनीतील खडकाशी जोडलेला असतो. शोध घ्यावयाचा तर अशा दगडांवर, आणि त्यातही घट्ट जातीच्या दगडांवर घ्यावा. आजवर सर्वेक्षणाची पावले चित्रित गुहांच्या आकर्षणाने वालुकाश्माकडे वळली हे स्वाभाविक आहे. पण जुनापाणीचे उदाहरण पाहता काळ्या पाषाणाला या विषयातून वगळण्याचे कारण नाही.

कोकणचा अनुभव

दगड हलविता येत नाही अशा ठिकाणी काय घडते, हे कोकणात दिसते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील कातळशिल्पे जांभ्याच्या सड्यांवर, थेट जमिनीच्या पृष्ठभागावर कोरलेली आहेत. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथील आकृती १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आल्या. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून शेकडो आकृतींची नोंद केली. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसूचा दोन वाघांमधील मनुष्य या आकृती आता सर्वांना परिचित झाल्या आहेत. २०२२ मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यातील नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत करण्यात आला. त्याच सुमारास बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव पुढे आला, आणि २०२३ मधील आंदोलनात कातळशिल्पांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला.

कोकणातील आकृती मोठ्या आणि बोलक्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी बोलणारे लोक उभे राहिले. विदर्भातील खळग्यांना तो लाभ नाही. वाटीएवढ्या खड्ड्याचे छायाचित्र वृत्तपत्रात छापले तरी कोणाचे लक्ष वेधले जात नाही. चिरेखाणीने सडा खणला तर आकृती गेल्याचे सर्वांना दिसते. शिलावर्तुळातील तीन दगड खडीयंत्रात गेले तर वर्तुळाच्या जागी फक्त थोडी मोकळी जमीन दिसते. काळा पाषाण खडीसाठी उत्तम समजला जातो, आणि वर्तुळाचे दगड आयतेच गोळा केलेले असतात, ही यातील दुर्दैवाची बाब आहे. नागपूरचा विस्तार ज्या वेगाने पश्चिमेकडे होत आहे तो पाहता, संरक्षित घोषित केलेल्या क्षेत्राबाहेरील वर्तुळांची चिंता अधिक वाटते. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्थळाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. पण ही तरतूद आधी स्थळाची नोंद आणि घोषणा झाली असेल तेथेच लागू होते.

नोंद कशी करावी

महाविद्यालयीन पातळीवर उत्खनन करता येत नाही आणि करूही नये. कायद्याने त्यासाठी परवाना लागतो. नोंद मात्र करता येते. वनक्षेत्रात जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. खळगे असलेला दगड आढळल्यास प्रथम तो आहे त्याच स्थितीत, शेजारच्या दगडांसह आणि उत्तर दिशा दर्शवून कागदावर रेखाटावा. भ्रमणध्वनीवरील जीपीएसने अक्षांश-रेखांश मिळतात, पण दगड कोणत्या बाजूस तोंड करून आहे, किती पुरलेला आहे, खळगे वरच्या बाजूस आहेत की उभ्या, हे जीपीएस सांगत नाही. ते होकायंत्राने व डोळ्यांनीच टिपावे लागते. छायाचित्र सकाळी लवकर किंवा सायंकाळी, मोजपट्टी ठेवून घ्यावे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात सावली पडत नाही आणि खळगे नाहीसे होतात. ते उठून दिसावेत म्हणून खडू, चुना किंवा रंग भरण्याची हौस पुष्कळांना असते. तसे केल्यास खळग्यातील सूक्ष्म थर बिघडतात आणि पुढील काळात त्यावर होऊ शकणारी शास्त्रीय तपासणी निरुपयोगी ठरते. दगडावरील शेवाळ तारेच्या ब्रशने घासणे हाही तसाच अपराध होय. दगडाला शेंदूर लागलेला असेल तर तो गावाच्या श्रद्धेचा भाग आहे. तेथे गावकऱ्यांशी बोलून, त्यांच्या संमतीनेच नोंद करावी. अशा दगडाला शेंदराने संरक्षणही दिलेले असते, कारण शेंदूर लागलेला दगड खडीयंत्राकडे सहसा जात नाही.

ही नोंद राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर येथील कार्यालयास, तसेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागास पाठविता येते. दगड महाविद्यालयाच्या संग्रहालयात आणून ठेवण्याचा मोह टाळावा. नाल्याच्या रुंदीकरणामुळे किंवा रस्त्याच्या कामामुळे तो हलणे अटळच असेल, तर हलविण्यापूर्वीची रेखाकृती, दिशा आणि खोली यांची नोंद दगडाबरोबर कायम राहील अशी व्यवस्था करावी, आणि जमिनीत पुरलेल्या बाजूची पाहणी दगड उचलताना त्याच ठिकाणी करावी. पुरलेल्या बाजूवर खळगे निघाले तर ते दगड त्या जागी येण्यापूर्वीचे ठरतात, आणि ही माहिती मिळण्याची संधी दगड उचलण्याच्या त्या एका क्षणापुरतीच असते.